तोफ ओतावी की विकत घ्यावी? परांड्यापासून नळदुर्गापर्यंत एक जुना प्रश्न

१/ धाराशिव जिल्ह्यातील परांडा आणि नळदुर्ग या दोन किल्ल्यांत शंभरएक किलोमीटरचे अंतर आहे. परांड्याच्या बुरुजावर पुढे विसावलेली एक तोफ १५४९ मध्ये ओतली गेली. नळदुर्गाने १९४८ मध्ये एका राज्याचा शेवट पाहिला. या चारशे वर्षांत दख्खनच्या प्रत्येक सत्तेला एकच प्रश्न पडत आला: शस्त्र स्वतः घडवावे की दुसऱ्याकडून विकत घ्यावे? बैलांनी ओढण्याच्या तोफेपासून खिशात मावणाऱ्या पिस्तुलापर्यंत प्रश्न तोच राहिला. या थ्रेडचे म्हणणे असे की हा प्रश्न अपुरा आहे. शस्त्र बिघडले, दारू संपली किंवा कारागीर निघून गेला, तर दुसऱ्या दिवशी काय करायचे, हा त्याच्या पोटातला खरा प्रश्न होय.

२/ प्रारंभ परांड्याच्या तोफेपासून. घणाघाती वक्त्याला मराठीत ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणतात. ते नाव ज्या तोफेवरून आले, ती ‘मलिक-ए-मैदान’ आज विजापूरच्या तटावर आहे. परंतु तिचा जन्म अहमदनगरचा आणि तिच्या आयुष्याचा काही काळ गेला परांड्यात. बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत १५४९ मध्ये ती ओतली गेली. लांबी सव्वाचार मीटरांहून अधिक, तोंडाचा व्यास सुमारे सत्तर सेंटिमीटर, वजन अंदाजे पंचावन्न टन. तोफेचे तोंड एका श्वापदाच्या जबड्यासारखे घडवले असून त्या जबड्यात हत्ती चिरडला जात असल्याचे दाखवले आहे.

३/ तोफेवर ओतणाऱ्याचे नाव कोरलेले आहे: मुहम्मद बिन हुसेन रूमी. ‘रूम’ म्हणजे तेव्हाचा उस्मानी तुर्कांचा मुलूख. म्हणजे तोफ घडली इथल्या भट्टीत आणि इथल्या कोळशावर, पण ती घडवणारे ज्ञान समुद्रापलीकडून आले होते. निजामशाहीने तुर्कस्तानातून तोफ विकत आणली नाही. पंचावन्न टनांचा धातूचा गोळा जहाजातून उतरवून घाट चढवणे हा वेडेपणा ठरला असता. तिने कसबी माणूस आपल्या चाकरीत घेतला आणि तोफ जिथे लागणार होती त्या मुलखातच ओतून घेतली. तोफ दोन पायांवर चालत आली, असे म्हटले तरी चालेल.

४/ ‘घडवलेली’ तोफही पूर्ण घरची नव्हती. मुलूखमैदान ज्या मिश्रधातूची आहे त्यात ढोबळमानाने चार भाग तांबे आणि एक भाग कथील आहे. घंटा ओततात तो हा धातू. कथील दख्खनच्या पठारावर सापडत नाही. ते बंदरांतून यायचे आणि घाटवाटांनी वर चढायचे. बंदर शत्रूच्या हाती गेले की भट्टी थंड. स्वावलंबनाचे दाखले देताना ही कथिलाची वाट बहुधा विसरली जाते.

५/ समाजमाध्यमांवर या विषयाचे दोन पक्ष ठरलेले आहेत. एक म्हणतो, आपल्याकडे सर्व काही आधीपासूनच होते, बाहेरून काहीच आले नाही. दुसरा म्हणतो, तोफ आणि बंदूक हे परक्यांचे देणे, आपण केवळ गिऱ्हाईक. परांड्याची तोफ दोघांनाही खोटे पाडते. ती बाहेरच्या माणसाच्या ज्ञानाशिवाय झाली नसती आणि इथल्या हातांशिवायही झाली नसती.

६/ दुसऱ्या पक्षासाठी गोव्याचे एक उदाहरण. आल्फोन्सो द आल्बुकर्कने १५१० मध्ये आदिलशाहीकडून गोवा जिंकले. तिथल्या शस्त्रशाळेत त्याला बंदुका घडवणारे कारागीर सापडले. १५१३ मध्ये त्याने पोर्तुगालच्या राजाला कळवले की हे लोक बोहेमियातल्या कारागिरांच्या तोडीच्या बंदुका करतात. बोहेमियाची बंदूक त्या काळच्या युरोपात नावाजलेली होती. आज पोलीस-बातम्यांत ‘गावठी कट्टा’ वाचून ‘गावठी’ म्हणजे ओबडधोबड असे समीकरण आपल्या मनात पक्के झाले आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी गोव्यातली गावठी बंदूक जिंकणाऱ्यालाही हेवा वाटावा अशी होती.

७/ घडवण्याचेही दोन मार्ग होते. पहिला लोहाराचा: लोखंडाच्या लांब पट्ट्या गोल जुळवायच्या, त्यांवर तापवलेली कडी चढवायची आणि घणाने एकजीव करायची. लोखंड तुलनेने स्वस्त आणि लोहार गावोगाव. दुसरा ओताऱ्याचा: साचा करायचा आणि वितळलेला धातू एका दमात ओतायचा. हा महागडा, जोखमीचा आणि मोजक्याच लोकांना जमणारा मार्ग. पण ओतीव तोफ निकामी झाली तरी वितळवून पुन्हा ओतता येते. ती एका अर्थी राज्याची ठेव होती. विजापूरच्या तटावर या दोन्ही जातींच्या तोफा आजही पाहायला मिळतात.

८/ आता या घडवलेल्या राक्षसाचा हिशेब. निजामशाही मोडकळीस आली, परांडा आदिलशाहीकडे गेला आणि १६३२ मध्ये मुलूखमैदान विजापूरला नेण्यात आली. वाटेत भीमा ओलांडायची होती. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे तिला ओढत होती, असे परंपरा सांगते. आकडे थोडे फुगवलेले मानले तरी मुद्दा बदलत नाही. जी तोफ हलवायलाच एक मोहीम काढावी लागते, ती रणांगणावरचे शस्त्र राहत नाही. ती बुरुजाचा अलंकार होते.

९/ यापुढचा तपशील फार बोलका आहे. तोफ गेल्यानंतर दोनच वर्षांनी, १६३४ मध्ये, मोगलांनी परांड्याला वेढा घातला. शहाजादा शुजा आणि महाबतखान यांच्यासारखी माणसे वेढ्यावर होती. परांडा पडला नाही. पावसाळा तोंडावर आल्यावर मोगलांना वेढा उठवावा लागला. उलट, मुलूखमैदान ज्या विजापूरच्या बुरुजावर चढली, ते विजापूर १६८६ मध्ये औरंगजेबापुढे पडले आणि विजेत्याने त्याच तोफेवर आपल्या विजयाचा लेख कोरून घेतला. राक्षसी तोफ गमावलेला किल्ला टिकला आणि ती मिळवलेली राजधानी पडली. खोल खंदक, दुहेरी तट, भरलेली कोठारे आणि शत्रूच्या छावणीतली भांडणे यांनी परांड्यासाठी जे केले, ते पंचावन्न टन धातूला विजापुरात जमले नाही.

१०/ शेवट आणखी कडू आहे. १८५४ मध्ये इंग्रज अमलात ही तोफ निरुपयोगी सामान म्हणून लिलावात निघाली. सर्वाधिक बोली आली १५० रुपयांची! पुढे विक्री रद्द झाली, म्हणून ती आज जागेवर आहे. ओतणारा रूमी गेला आणि त्याच्या तोडीची तोफ दख्खनमध्ये पुन्हा ओतली गेली नाही. निजामशाहीने माणूस मिळवला, त्याच्याकडून एक चमत्कार करून घेतला, आणि तो चमत्कार एकटाच राहिला.

११/ आता विकत घेण्याची बाजू. १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते. राजापूरच्या वखारीतले इंग्रज व्यापारी आपल्या तोफा घेऊन सिद्दीच्या मदतीला आले आणि स्वतःचे निशाण लावून त्यांनी गडावर मारा केला. शस्त्र विकणारा कधीच निव्वळ दुकानदार नसतो, हे स्वराज्याला तिथे कळले. १६६१ मध्ये महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि वखारीतल्या इंग्रजांना कैदेत टाकले.

१२/ तरीही महाराजांनी परक्यांकडून शस्त्रे घेणे बंद केले नाही, आणि हीच लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. पुढे इंग्रजांकडे तोफांची मागणी होत राहिली. मोगल आणि सिद्दी रागावतील या भीतीने इंग्रज टाळाटाळ करीत राहिले. फ्रेंचांनी मात्र तोफा विकल्या. एकाच विक्रेत्याच्या दारात उभे राहायचे नाही, हे धोरण त्यातून स्पष्ट दिसते. रागाने दुकान फोडणे आणि गरजेने शेजारच्या दुकानात जाणे, ही दोन्ही कामे एकच राजा करू शकतो.

१३/ रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र या दृष्टीने पुन्हा वाचावे. टोपीकरांविषयीचा त्यातला सावध इशारा सर्वांना पाठ असतो. पण दुर्गप्रकरणातील दारूखान्याच्या सूचना कोणी सांगत नाही. दारूखाना वस्तीजवळ नसावा, ठरावीक दिवसांनी दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावी, इतक्या बारकाईने तिथे लिहिले आहे. तोफ कोठून आली याची चौकशी पंत करीत नाहीत. उद्या बत्ती दिल्यावर ती उडेल का, याची काळजी करतात. राज्य चालवलेल्या माणसाचा हा अग्रक्रम आहे.

१४/ यानंतरचे उदाहरण मराठवाड्यातलेच, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईचे. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये बेन्वा द बोईन्य या सेनानीला चाकरीत घेतले. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जाऊ लागल्या. हा निजामशाहीचाच मार्ग होता, पण अधिक शहाणपणाचा: एक राक्षस ओतण्याऐवजी मैदानात पळवता येतील अशा, एका मापाच्या पुष्कळ तोफा. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणात या तोफांनी आर्थर वेलस्लीच्या फौजेची जी हानी केली, तिची आठवण त्याने पुढे जन्मभर बाळगली. लढाईनंतर शंभराच्या आसपास तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. त्या तोफांत काही उणे नव्हते.

१५/ उणे दुसरीकडे होते. तोफा घरच्या, पण अंमलदार परके. ऑगस्ट १८०३ मध्ये गव्हर्नर जनरलने शिंद्यांच्या चाकरीतल्या इंग्रज अंमलदारांना जाहीरनामा काढून बोलावून घेतले आणि निर्वाहाची हमी दिली. अनेक जण निघून गेले. सप्टेंबरमध्ये द बोईन्यचा वारस पेरों यानेही हिंदुस्थानातली आघाडी सोडून इंग्रजांचा आश्रय घेतला. पोलादापेक्षा इमान महाग असते, आणि ते भट्टीत ओतता येत नाही. वीस वर्षांत हाताखालून मराठी अंमलदारांची दुसरी फळी तयार करता आली असती. ती झाली नाही. असईत हरले ते हेच न झालेले काम.

१६/ पराभवानंतर प्रश्नच हिरावला गेला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे आणि घडवणे, दोन्ही गुन्हे ठरवले. ज्या प्रदेशातल्या कारागिरांची तुलना बोहेमियाशी झाली होती, त्यांच्यापुढे तीनशे पासष्ट वर्षांनी ‘घडवावे की घ्यावे’ हा पर्यायच उरला नाही. कसब पुस्तकात राहत नाही. ते हातांत राहते. एका पिढीच्या हातांना काम नसले की पुढची पिढी ते विसरते.

१७/ म्हणून १९०९ मधली पिस्तुलांची गोष्ट या मालिकेत बसते. ‘अभिनव भारत’च्या तरुणांनी दोन्ही वाटा चोखाळल्या. घडवण्याची वाट म्हणून पांडुरंग महादेव बापट, म्हणजे पुढचे सेनापती बापट, आणि हेमचंद्र दास यांनी पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बविद्या मिळवली. इथेही निजामशाहीचेच सूत्र होते: वस्तूऐवजी ज्ञान आणावे. पण १९०८ मध्ये मुझफ्फरपूरला फेकलेल्या बॉम्बने ज्या न्यायाधीशासाठी तो होता त्याच्याऐवजी दोन निरपराध स्त्रियांचा जीव घेतला. ज्ञान आणले, तरी ते कोणावर कोसळेल हे आणणाऱ्याच्या हाती राहिले नाही.

१८/ विकत घेण्याची वाट म्हणजे ब्राउनिंग पिस्तुले. सावरकरांनी लंडनहून वीस पिस्तुले चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या चोरकप्प्यातून हिंदुस्थानात पाठवली. असे पिस्तूल घडवणे कोणत्याही लोहाराच्या आवाक्यात नव्हते. ते यंत्रांवर केसाच्या मापाने कापलेल्या भागांचे होते आणि त्याची काडतुसेही कारखान्यातूनच यावी लागत. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात औरंगाबादहून आलेल्या अनंत कान्हेरे या विद्यार्थ्याने अशाच एका पिस्तुलाने कलेक्टर जॅक्सनचा वध केला. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ठाण्यात फासावर गेले.

१९/ त्या कृत्याच्या नैतिकतेवर मतभेद आहेत आणि राहतील. इथे मुद्दा वाटेचा आहे. विकत घेतलेल्या शस्त्राच्या मागे विकणाऱ्यापासून वाहणाऱ्यापर्यंत माणसांची एक साखळी असते, आणि साखळीतली एक कडी बोलली की सगळे उघड होते. इथे अमीन माफीचा साक्षीदार झाला. माग लंडनपर्यंत गेला, मार्च १९१० मध्ये सावरकरांना अटक झाली आणि पुढे पन्नास वर्षांची जन्मठेप. पिस्तूल बिघडले नव्हते. बिघडली ती त्यामागची साखळी.

२०/ आणि शेवटी नळदुर्ग. स्वातंत्र्यानंतर निजामाच्या हैदराबाद संस्थानापुढे हाच प्रश्न उभा राहिला. शस्त्रांचा जुना पुरवठा आटला होता. तेव्हा सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाच्या विमानांनी कराचीहून हैदराबादला चोरून शस्त्रे आणणे सुरू झाले. पैशांची चणचण नव्हती. निजाम त्या काळातल्या जगातल्या सर्वांत धनाढ्य माणसांपैकी एक होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून निघाल्या आणि त्याच दिवशी नळदुर्ग त्यांच्या ताब्यात आला. बोरी नदीवरचा पूल उडवण्याआधीच हाती लागला. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली.

२१/ विमानातून बंदूक येते, पण तिच्यासाठी लढायला तयार असलेली प्रजा विमानातून येत नाही. त्या वर्षभरात रझाकारांच्या जुलमाने सीमेवरची गावेच्या गावे संस्थानाबाहेर पडली होती. नळदुर्गाच्या उपळ्या बुरुजावर जुन्या काळच्या दोन प्रचंड तोफा त्या दिवशीही होत्या. ओतलेल्या तोफा वर मुक्या पडून होत्या आणि विकत आणलेली शस्त्रे खाली निरुपयोगी ठरत होती. ‘घडवावे की घ्यावे’ या वादाची दोन्ही उत्तरे एका किल्ल्यात, एकाच दिवशी नापास झाली.

२२/ एक आक्षेप रास्त आहे: मग विकत घेऊच नये का? तसे नाही. शत्रू दाराशी असताना भट्टी पेटवून वर्षभर थांबणारा राजा मूर्ख ठरतो. शिवाजी महाराजांनी फ्रेंचांकडून तोफा घेतल्या, त्यात कमीपणा नव्हता. खरेदीने वेळ मिळतो. पण मिळालेल्या वेळात आपले हात तयार केले नाहीत, तर पुढच्या संकटात पुन्हा त्याच दुकानात जावे लागते, आणि तेव्हा दुकानदार भाव वाढवतो किंवा शत्रूच्या बाजूला जाऊन उभा राहतो.

२३/ म्हणून इतिहासातला कोणताही शस्त्रव्यवहार तीन प्रश्नांवर पारखावा. बिघडले तर दुरुस्त कोण करणार? दारूगोळा कोणाच्या वाटेने येणार? शिकवणारा निघून गेला तर मागे कोण उरणार? मुलूखमैदान तिसऱ्या प्रश्नावर अडखळते. असईच्या तोफा पहिल्या दोन्हींवर उत्तीर्ण होतात आणि तिसऱ्यावर नापास. नाशिकची पिस्तुले तिन्हींवर नापास. आज भारत जगातल्या मोठ्या शस्त्र-आयातदार देशांत मोजला जातो आणि ‘तंत्रज्ञान हस्तांतरण’ हा शब्द प्रत्येक कराराच्या बातमीत असतो. त्या बातम्याही याच तीन प्रश्नांनी वाचाव्यात. किंमत आणि मारकक्षमता हे आकडे त्यानंतरचे.

२४/ परांड्याला जाणारे बहुतेक तरुण तोफेवर हात ठेवून छायाचित्र काढतात आणि निघतात. तिथे आणखी थोडा वेळ थांबावे. कडी कुठे जोडली आहेत, तोफ ओतीव आहे की घडीव, ती कोणत्या दिशेला रोखलेली आहे, हे डोळ्यांनी पाहावे. मुलूखमैदानवर रूमीचे नाव आहे. त्याच्या भट्टीचा भाता हलवणाऱ्या, साच्यासाठी माती मळणाऱ्या आणि तोफ भीमेपार ओढणाऱ्या माणसांची नावे कुठेही नाहीत. रूमी गेल्यावर त्याचे कसब टिकले असते, तर ते त्याच निनावी हातांत टिकले असते. त्या हातांना शिकवण्याची गरज कोणत्याच दरबाराला वाटली नाही, आणि दख्खनने मोजलेली सर्वांत मोठी किंमत तीच आहे.